परातीतला घट

चौथ्या माळेच्या सकाळी आमच्या घटाभोवतीच्या मातीत सात अंकुर होते. पाच पूर्वेच्या कडेला, दोन घटाच्या पोटाला टेकून. सर्वांत उंच दीड सेंटीमीटर. पेरणीच्या दिवशी आजीने मूठभर गहू घेतला होता. तेवढीच मूठ मी तिला पुन्हा भरायला लावली आणि मोजली, तेव्हा सहाशे चाळीस दाणे निघाले होते. दरवर्षी चौथ्या माळेला आमच्या घटाची माती दिसेनाशी होते.

आमचं घर अमरावतीच्या बाहेर, मोर्शी रोडला. मागे दीड एकर झेंडू आणि शेवंती. नवरात्रात बाबा, म्हणजे देवीदासराव, पहाटे तोडणीला लागतात आणि उजाडताना फुलं घेऊन बाजारात जातात. घटाची माळ मात्र आईच ओवते, लग्न होऊन आली तेव्हापासून. या वर्षी ती आजी ओवत होती आणि आई मधल्या खोलीच्या उंबऱ्याआड खुर्ची टाकून, तोंडाला मास्क लावून बघत होती. आईच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. केमोसाठी आम्ही तिला अकोल्याला नेत होतो, कारण जठारपेठेत रागिणी आत्याचं घर आहे आणि दवाखाना तिथून जवळ पडतो. दोन केमो झाल्या होत्या. दुसरी आठवडाभर पुढे ढकलावी लागली होती, कारण रक्तातले न्यूट्रोफिल नऊशेवर आले होते. न्यूट्रोफिल म्हणजे जंतुसंसर्गाला सर्वांत आधी भिडणाऱ्या पांढऱ्या पेशी. तिसरी केमो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. "या वेळी पंधराशेच्या वर पाहिजेत," डॉक्टर म्हणाले होते. "तोवर माती नको, ताजी फुलं नको, कच्चं काही नको."

मातीची आणि फुलांची बाई ती. डॉक्टरांच्या या तीन नकारांवर ती फक्त एवढंच म्हणाली होती, "मंग माया घरात राहिलं काय?"

म्हणून या वर्षी घट बांबूच्या परडीत न बसवता बाबांनी स्टीलच्या परातीत बसवला. परडीच्या फटींतून माती सांडते, ती घरभर होऊ नये म्हणून. एवढा एकच बदल. बाकी सगळं तसंच: झेंडूच्या वाफ्यातली काळी माती, मधोमध मातीचा घट, वर पानं आणि नारळ, बाजूला नंदादीप.

शेजारच्या माणिकबाई सकाळी दर्शनाला आल्या. परातीत वाकून पाहिलं, मग आईकडे पाहिलं, मग पुन्हा परातीत.

"अजून काईच नाई वं, गोदाबाई?"

"येईन ना," आजी म्हणाली. "देवीची मर्जी."

माणिकबाई हळदीकुंकू लावून लगेच गेल्या. त्या एरवी तासभर बसल्याशिवाय जात नाहीत.

दुपारी मी आईला मुगाची खिचडी नेऊन दिली. तिने दोन घास खाल्ले आणि चमचा ताटलीत ठेवला. केमोने आलेले तोंडातले फोड अजून गेले नव्हते.

"आचल, तुले एक सांगतो. बाबाले सांगू नोको."

"सांग."

"घट बसला त्या दिवशी मी मनात म्हटलं होतं. घट भरून आला त तिसरी सुई घ्याले जाईन. नाई त बास झालं."

"बास झालं म्हणजे?"

"म्हनजे नाई जात."

"आई, गहू उगवण्याचा आन् केमोचा काय संबंध?"

"तुया कॉलेजात नसन. माया घरात हाये." तिने डोक्याचा रुमाल नीट केला. "तीस वर्सं झाले, ज्या वर्सी घट चांगला आला ते वर्स चांगलं गेलं. बाबांचा पाय मोडला त्या वर्सी अर्धाच आला होता. मी काई उगाच नाई म्हनून राहिली."

तीस वर्षांत घट किती वेळा कमी आला आणि किती वेळा काहीच वाईट झालं नाही, हे विचारावं असं वाटलं. विचारलं नाही. तिला आकडेवारी नको होती, तिला परवानगी हवी होती. ती जिच्याकडून हवी होती ती मी नव्हते.

मी स्वयंपाकघरात गेले. मोजलेल्या गव्हातले वीस दाणे मी पहिल्याच दिवशी ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले होते. काही संशय होता म्हणून नाही, मला सवय आहे. फडकं उघडलं. अठरांना मोड आले होते, बोटभर मुळ्या सुटल्या होत्या. ते तसंच दोन्ही हातांवर धरून मी आईच्या खोलीत नेलं आणि लांबूनच दाखवलं.

तिने मान पुढे काढून पाहिलं. "आपलाच गहू?"

"पेरला त्यातलाच."

"मंग बी चांगलं हाये," ती म्हणाली. आजारी पडल्यापासून हा आवाज मी ऐकला नव्हता. रोपांचे ट्रे बघताना ती असं बोलते. "माती कोनती?"

"झेंडूच्या वाफ्यातली."

"तीबी चांगली. आरतीच्या वक्ती पायतो."

संध्याकाळी सगळे जमले. शुभम, माझा लहान भाऊ, गावातल्या मोबाईलच्या दुकानातून आला. बाबा बाजारातून आले. आरती झाली, आईने खुर्चीतूनच टाळ्या वाजवल्या, हात जोडले, डोळे मिटून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. मग डोळे उघडून म्हणाली, "आचल, मातीत बोट घाल."

घट हलवायचा नसतो, पण माती चाचपायला कुणाची मनाई नव्हती. मी बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत विनासायास गेलं आणि भोवती पाणी वर आलं. नासलेल्या भिजवणासारखा वास सुटला.

"पानी कोन टाकते?" आईने विचारलं.

"मी," आजी म्हणाली. "पूजेच्या वक्ती. एक लहान तांब्या. यंदा तुयासाठी म्हनून जरासं जास्त."

"अजून?"

मग बाबा खाकरले. "मी तोडनीले जाताना टाकतो. अर्धा तांब्या असन."

"तुमी? तुमाले कोनं सांगितलं?"

"कोनी नाई सांगितलं. तू झोपली राहतं तवा. म्हटलं आपन टाकावं, बाप्पा."

"शुभम?"

"दुकानातून आल्यावर," शुभम म्हणाला. "बाटलीत उरलेलं असते, तेवढंच."

"देवीले उष्टं पानी टाकून राहिला का रे?" आजी ओरडली.

"उष्टं नाई, आजी. वरतून पितो मी."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "शंभर मिलिलिटर. मोजून."

"कावून?"

"चौथ्या दिवशीसुद्धा सातच अंकुर होते म्हणून. आज दुपारी."

बाबांनी अकोल्याला आत्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. आत्या पहिल्या माळेला दर्शनाला येऊन गेली होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "वहिनी, मीबी थोडसंक टाकलं होतं. निंगता निंगता."

मी बेरीज केली. दिवसाला पाऊण लिटरच्या आसपास, तीन किलो मातीला. शिवाय घट स्वतः झिरपतो ते वेगळं. परडी असती तर सगळं फटींतून खाली गेलं असतं. परातीतून कुठे जाणार?

आई हसायला लागली. तोंडातल्या फोडांमुळे तिला नीट हसता येत नव्हतं, म्हणून मास्कवर हात दाबून हसत होती.

"झेंडूच्या वाफ्याले एक वंजळ पानी जास्त झालं त मायावर वरडता," ती बाबांना म्हणाली, "आन् देवीचा घट बुडवला सगळ्यायनं मिळून. तिनं कुठी नाई म्हटलं? ती त उगवू देत होती."

"मंग आता?" बाबांनी विचारलं. त्यांना तिच्या मनातली अट ठाऊक नव्हती.

"आता जा लागन मले. नाई त तुमी लोक अकोल्याले जाऊन डॉक्टरच्या दारात पानी टाकसान."

बाबांना हे कळलं नाही. मला कळलं.

पाणी काढायचं कसं, हा प्रश्न उरला. घट उचलता येत नव्हता, परात तिरपी करता येत नव्हती. मी म्हणाले, जुन्या धोतराची चिंधी वळून एक टोक मातीत खोचायचं आणि दुसरं परातीबाहेर, खाली वाटीत सोडायचं. चिंधीतून पाणी चढेल आणि खाली उतरेल.

"दिव्याच्या वातीसारखं?" आईने विचारलं.

"तसंच. फक्त तेलाऐवजी पाणी, आणि वर यायच्या ऐवजी बाहेर."

"लाव. चार लाव, चारी अंगाले."

सकाळी चार वाट्यांत मिळून तीनशे वीस मिलिलिटर पाणी निघालं. आजीने ते तुळशीला घातलं. त्या दिवसापासून घटाला कोणी पाणी दिलं नाही. आई उंबऱ्याआडून पहारा करत होती, आणि शुभम घरात आला की आधी त्याची बाटली मागत होती. खिचडीही ती आता पूर्ण संपवत होती. आग होते, असं म्हणत, पण संपवत होती. दुपारी ती देवीचा जप करायची. घटाकडे नव्हे, भिंतीवरच्या अंबादेवीच्या तसबिरीकडे बघून.

सडलेले दाणे काही उगवले नाहीत. कडेकडेचे उगवले. दसऱ्याला अंकुर काढले तेव्हा एकोणसाठ होते, पिवळसर, सर्वांत उंच आठ सेंटीमीटर. आजीने आधी देवीला वाहिले, मग सगळ्यांना वाटले. शुभमने कानावर खोचले. आईच्या वाट्याचे आजीच्या हातातच राहिले.

"माये तुमी लावा," आई बाबांना म्हणाली.

"माये हायेत ना कानावर."

"दुसरा कान रिकामाच हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अकोल्याच्या गाडीत बसलो. बाबांच्या दोन्ही कानांवर गव्हाचे अंकुर होते. कंडक्टरने तिकीट फाडताना त्यांच्याकडे पाहिलं, मग रुमाल बांधलेल्या आईकडे पाहिलं, आणि मागची सीट धक्के देते म्हणून आम्हाला पुढे बसवलं.

आत्या दवाखान्याच्या दारातच उभी होती. आईचं रक्त घेतलं. आम्ही बाकावर बसलो. आई ओठांतल्या ओठांत जप करत होती, आत्या तिचा हात धरून होती, बाबा कानांवरचे अंकुर पडले तर नाहीत ना, हे अधूनमधून चाचपत होते. तासाभराने खिडकीतून आईचं नाव पुकारलं. कागद मी घेतला. आईने डोळे उघडले.

"वाच. मोठ्यानं वाच."

हिमोग्लोबिन दहा पूर्णांक दोन. प्लेटलेट दोन लाख दहा हजार. न्यूट्रोफिल एक हजार सहाशे ऐंशी.