पियानोमागची भिंत

वाळवी तपासायला आलेला गिड्री खांबांवर उचललेल्या घराच्या पोटाखालून सरपटत बाहेर आला, तेव्हा त्याची कोपरं चिखलानं माखली होती. आता स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं तो खोलीखोलीतलं लाकूड ठोकत होता. टक, टक. एर्लीन मागोमाग. नवरा अल्सीड वारल्यापासून तिला हे घर खायला उठायचं. वाळवी निघाली नाही तर सौदा होणार, आणि ती ह्यूस्टनला लेकीकडे जाणार.

"मिस एर्लीन, पाठीपाठी काय येताय? चमचे नाही चोरत मी."

"काय नेम रे बाबा! तुझ्या आजोबानं आमची कोंबडी उचलली होती."

घर घेणारी शाँटेल हसली. दिवस भरत आले होते तिचे. "पाळणा इथं बांधीन," ती म्हणाली. "पियानो हलला की."

पियानोपाशी गिड्री थबकला. "सामान आम्ही हलवत नाही. मागचं दिसलं नाही, एवढं लिहीन. बाकी घर ठणठणीत."

एर्लीनच्या जिवात जीव आला, आणि आला तसाच गेला.

खिडकीतला पियानो अल्सीडनं या अंधाऱ्या भिंतीला नेला, तो मे महिनाच होता. पंखवाल्या वाळवीनं न्यू ऑर्लिन्सचे दिवे झाकोळले होते. वाळवी उजेडावर झेपावते म्हणून सगळी गल्ली दिवे मालवून बसलेली, आणि हा घामाघूम होऊन पियानो ढकलतोय! "इथं सूर चांगला लागतो," म्हणाला. तिनं विचारलं नाही. भिंत बोलत नाही, लाकूड रडत नाही. आतून पोखरलं तरी वरचा रंग उडत नाही.

शाँटेल भिंतीवर हात फिरवत होती.

"पोरी, तू लांब हो," एर्लीन म्हणाली. "गिड्री, लाव हात."

"तुमच्यावर सक्ती नाही, मिस एर्लीन."

"लाव म्हणते ना!"

पियानो सरकला. जमिनीपासून मातीच्या नळ्या वर चढल्या होत्या, नदीला फाटे फुटावेत तशा. गिड्रीनं टेकवलेला स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. कडेच्या भेगांत लांबी भरलेली, तिच्यावर अल्सीडच्या अंगठ्याचे ठसे. बुजवून बुजवून दमला असेल बिचारा. एर्लीननं एका ठशात आपला अंगठा ठेवला.

शाँटेलनं तिचा खांदा हळूच दाबला. "नाही जमायचं हो, मिस एर्लीन," म्हणाली, आणि पोटावर हात धरून पायऱ्या उतरून गेली.

"जाताना पियानो खिडकीत लावून दे," एर्लीन गिड्रीला म्हणाली.

तिन्हीसांजेला गल्लीनं दिवे मालवले. तिनंही मालवला. मग एका बोटानं एकच पट्टी दाबली, आणि विरेपर्यंत ऐकत राहिली.

सूर इथंही चांगलाच लागत होता.