पानाच्या कप्प्यातला पासपोर्ट

शनिवार, ४ ऑक्टोबर २००३. सकाळचे साडेनऊ. वरवंडच्या एका शेतकरी घरात, खंडेनवमीच्या पूजेत, सीमाच्या कोऱ्या पासपोर्टवर ओल्या कुंकवाची दोन बोटं उमटली. पाच दिवसांनी तोच पासपोर्ट घेऊन तिला व्हिसासाठी मुंबईच्या वकिलातीत उभं राहायचं होतं.

मित्रांनो, हे मी भिंतीवरच्या खुंटीवरून पाहिलं. मी एक जुनी चंची आहे. चंची म्हणजे पान-तंबाखू ठेवायची कापडी पिशवी. उलगडली की हातभर लांब, गुंडाळली की मुठीत मावते. १९७४ साली दौंडच्या रेल्वे कॉलनीजवळ एका शिंप्याने मला शिवलं. तो रेल्वेच्या गार्डांचे गणवेश शिवत असे. माझं बाहेरचं अंग त्या गणवेशातून उरलेल्या खाकी कापडाचं आहे आणि आतलं अस्तर एका फाटक्या हिरव्या झेंडीचं. मला चार कप्पे आहेत. पानाचा सगळ्यांत मोठा, तंबाखूचा त्याहून लहान, सुपारीचा आणखी लहान, आणि चुन्याच्या डबीचा जेमतेम दोन बोटं मावतील एवढा.

मला विकत घेतलं म्हाळू आबांनी, म्हणजे सीमाच्या आजोबांनी. ते झेंडू आणि शेवंती पिकवत. बावीस वर्षं मी त्यांच्या कमरेला होते. बांधावर बसून आबा मला उलगडत, तेव्हा शेजारचे शेतकरी आपोआप गोळा होत. शिरूरच्या बाजाराला बैल घ्यायला निघाले की आबा थोडे पैसे माझ्यात ठेवत, थोडे बंडीच्या आतल्या खिशात, थोडे पटक्याच्या घडीत आणि उरलेले बरोबरच्या माणसाकडे. कुणी हसलं तर ते म्हणत, "चार ठिकाणी ठिवलं तर चोराला चारदा कष्ट पडत्यात. येवढा कामसू चोर कुठं असतोय?"

१९९६ साली आबांच्या तोंडात फोड आला. डॉक्टरांनी दोन शब्द सांगितले आणि आबांनी त्याच दिवशी तंबाखू सोडली. मला साबणाने धुतलं, उन्हात वाळवलं आणि खुंटीला अडकवलं. पुढची सात वर्षं मी तिथेच होते. माझ्यावर कॅलेंडर आलं, कॅलेंडरवर दुसरं कॅलेंडर आलं. तक्रार नव्हती, पण नाडीला गाठ मारायला कुणाचा हात लागत नाही, याची सवय व्हायला वेळ लागतो.

सीमा माझ्या डोळ्यांसमोर वाढली. शेतीची पदवी घेऊन ती घरच्याच रानात फुलं पिकवू लागली. फूल उत्पादकांच्या एका संस्थेने हॉलंडच्या रोपवाटिकांत पंच्याऐंशी दिवस शिकायला तिची निवड केली. अट एकच होती. ३१ ऑक्टोबरपर्यंत व्हिसा हातात हवा, नाहीतर तिची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती.

आता त्या सकाळविषयी. खंडेनवमीला आमच्याकडे कामाच्या हत्यारांची पूजा असते. पाटावर विळे, खुरपी, छाटणीच्या कात्र्या मांडल्या होत्या. औषध फवारायचा पंप पुसून ठेवला होता आणि दारात मोटारसायकल उभी होती. सीमाची आई बयाबाई यांना वाटलं, लेकीचं यंदाचं हत्यार तर पासपोर्ट आहे. दिवाळीला दुकानदार वहीचं पहिलं पान उघडून पूजतात, तसा त्यांनी तो उघडून पाटावर ठेवला. हळद वाहिली, कुंकू लावलं, वर दोन अक्षता टाकल्या. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं. व्हिसाचा शिक्का जिथे बसायचा त्या कोऱ्या पानावर ते लागलं आणि मागच्या पानावर उतरलं.

सीमा न्हाऊन आली आणि पाटाकडे बघत उभी राहिली. बयाबाईंना तिच्या तोंडावरूनच कळलं की काहीतरी चुकलं आहे.

दुपारी साडेचारला ज्योतिबा आला. तो सीमाचे वडील नवनाथ यांच्या वर्गातला, आमच्याच गावचा. कुरकुंभच्या एका औषध कंपनीत पहिली पाळी करून तो घरी जाता जाता डोकावे. तीन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला नवं यंत्र शिकायला दोन महिने जर्मनीला पाठवलं होतं, त्यामुळे परदेशाच्या बाबतीत आमच्या आळीत त्याचा शब्द शेवटचा होता. तो आला तेव्हा बयाबाईंनी अर्धं लिंबू कापून हातात घेतलं होतं आणि नवनाथ पान अलगद फाडता येईल का, ते बघत होते.

ज्योतिबाने आधी लिंबू मागून घेतलं. "वहिनी, हे सरबताला ठिवा. पासपोर्टाला हात लावू नका." मग नवनाथांकडे वळून म्हणाला, "आन् तू रं? पानांवर नंबर छापल्यात. येक पान गेलं तर ह्यो पासपोर्ट न्हाई, रद्दी हाय."

त्याने सांगितलं ते असं. पासपोर्ट आपल्या नावाचा असला तरी मालकी सरकारची असते. त्यावर आपण टीपसुद्धा लिहायची नाही. डाग पडला तर खोडायचा नाही, धुवायचा नाही, झाकायचा नाही. खाडाखोड दिसली की साधी चूक लबाडी ठरते. सोमवारी पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयात जायचं, झालं ते लेखी सांगायचं आणि तातडीच्या फीने नवीन मागायचा.

बयाबाई चुलीपाशी जाऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "माज्या हातानं लेकीची वाट आडली."

आबा आतून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "आडली न्हाई. लांबली. लांबल्याली वाट चालता येती."

नवनाथांना आणखी एक काळजी होती. वकिलातीला बँकेचा सहा महिन्यांचा हिशोब दाखवायचा होता आणि सीमाच्या खात्यावर शिल्लक बेताची होती. त्यांचा विचार असा की मेव्हण्याकडून मोठी रक्कम आणून आठवडाभर खात्यात ठेवावी आणि मग परत करावी. ज्योतिबा हसला. तपासणारा शिल्लक नंतर बघतो, म्हणाला, आधी ती कधी आली ते बघतो. सहा महिने थेंब थेंब भरलेलं खातं खरं वाटतं. एका रात्रीत फुगलेलं खातं ओरडून सांगतं की पाहुण्यांचं आहे. संस्था जेवण-राहण्याचा खर्च देणार होती. त्याचं पत्र आणि वडिलांच्या फुलांच्या विक्रीच्या पावत्या लावल्या तर पुरे होतं.

शेवटी त्याने कागद आणि पैसे कपड्यांच्या आत बांधायची पिशवी घ्यायला सांगितली. पुण्यात मिळते, म्हणाला. आबा उठले, दोन कॅलेंडरं बाजूला सारली आणि मला खाली काढलं.

"ही चालंल का बघ."

मित्रांनो, सात वर्षांनी माझी गाठ सुटली.

पुढचे दिवस मी तारखांनी मोजले. सोमवारी, ६ तारखेला, सीमा आणि ज्योतिबा दौंडहून गाडीने पुण्याला गेले. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं. जुना पासपोर्ट रद्द झाला आणि १६ तारखेला नवीन मिळाला. तोवर सीमाने वकिलातीला कळवून भेटीची तारीख २३ करून घेतली होती. पण नवीन पासपोर्ट म्हणजे नवीन नंबर. विमा, तिकीट, निमंत्रणाचं पत्र, अर्ज, सगळीकडे जुना नंबर होता. सीमाने एक यादी केली आणि एकेक ठिकाणी तो बदलून घेतला. हॉलंडहून सुधारलेलं पत्र फॅक्सने दौंडला आलं, ते २१ तारखेला.

वकिलातीत मी तिच्या कमरेला होते. खिडकीमागच्या बाईंनी रद्द पासपोर्टही मागितला आणि तो लाल डाग बराच वेळ पाहिला. सीमाने खंडेनवमी काय असते ते सरळ सांगितलं. बाईंनी विचारलं, तुमच्या आईने आणखी कशाची पूजा केली? सीमा म्हणाली, कात्र्यांची आणि मोटारसायकलची. बाईंनी काहीतरी लिहिलं, पासपोर्ट ठेवून घेतले आणि पुढच्या माणसाला हाक मारली. चांगलं लिहिलं की वाईट, हे कळायला आठवडा गेला. त्या आठवड्यात दिवाळी झाली. बयाबाईंनी करंज्या केल्या, पण स्वतः एकही खाल्ली नाही.

गुरुवारी, ३० ऑक्टोबरला, व्हिसा मिळाला. मुदतीला एक दिवस उरला होता.

निघण्याआधी ज्योतिबाने माझे कप्पे भरून घेतले. पानाच्या कप्प्यात पासपोर्ट असा बसला की जणू त्याच मापाने मला बेतलं होतं. तंबाखूच्या कप्प्यात प्रवासी धनादेश, म्हणजे ट्रॅव्हलर्स चेक, आले. धनादेश बँकेत घेताना पहिली सही करायची, दुसरी मात्र तिकडे वटवताना खिडकीसमोरच. आधीच केली तर कुणीही वटवील. सुपारीच्या कप्प्यात थोडे सुटे युरो. चुन्याच्या कप्प्यात एक चिठ्ठी, तिच्यावर धनादेशांचे नंबर आणि तिकडच्या भारतीय वकिलातीचा फोन. तीच चिठ्ठी आणि पासपोर्टची झेरॉक्स दुसऱ्या बॅगेत, आणि तिसरी प्रत आबांकडे. आबांना वाचता येत नव्हतं, पण त्यांनी ती पटक्याच्या घडीत ठेवली.

३ नोव्हेंबरला आम्ही निघालो. तिकडच्या विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट उघडला, नाकाशी नेला आणि सीमाला विचारलं, तुम्ही धूम्रपान करता का? मला कितीही धुतलं असलं तरी बावीस वर्षांचा वास जात नाही. सीमाने सांगितलं, ही माझ्या आजोबांची पिशवी आहे. अधिकारी हसला आणि त्याने शिक्का मारला.

डिसेंबरमध्ये ट्राममधून उतरताना तिची खांद्यावरची पर्स कुणीतरी उचलली. पर्समध्ये वीस युरो, ट्रामचं तिकीट आणि एक कंगवा होता. बाकी सगळं माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळी तिने घरी फोन केला, तेव्हा आबांनी एकच विचारलं, "चोराला येकदाच कष्ट दिलंस ना?"

नाताळच्या सुट्टीत बरोबरच्या मुली दोन दिवस लंडनला निघाल्या. सीमालाही जायचं होतं. तिने मला उलगडलं आणि व्हिसाचं पान नीट वाचलं. लंडनला वेगळा व्हिसा लागणार होता. शिवाय तिच्या पानावर एकाच प्रवेशाची मुभा होती. एकदा बाहेर पाऊल पडलं की परतीचं दार बंद. ती राहिली आणि दोन दिवस जरबेऱ्याची रोपं लावायला शिकली. २६ जानेवारी २००४ला, व्हिसाचे पाच दिवस शिल्लक असताना, आम्ही परतलो. आबांनी पटक्यातून झेरॉक्स काढून तिच्या हातात दिली. घडीवर घामाचे डाग होते. तो डाग चालतो, असं ज्योतिबाने सांगितलं.

आज सीमाचं जरबेऱ्याचं हरितगृह आहे. तिची फुलं रोज दौंडहून गाडीने पुढे जातात. आबा २००६ साली गेले. मी पुन्हा खुंटीवर आले आणि एका पावसाळ्यात उंदराने माझा कोपरा कुरतडला. मला वाटलं, माझं काम संपलं.

यंदा ज्योतिबाची मुलगी प्रांजल हिने पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला अर्ज केला. सीमाने मला खाली काढलं, कोपऱ्याला ठिगळ लावलं, नवी नाडी ओवली आणि प्रांजलला शेजारी बसवून एकेक कप्पा समजावून दिला. ज्योतिबा बाजूला बसून ऐकत होता. आपलेच शब्द सीमाच्या तोंडून ऐकताना त्याने मध्ये एकदाही दुरुस्ती केली नाही.

२७ सप्टेंबर २००९ला खंडेनवमी होती. बयाबाईंनी पाटावर कात्र्या मांडल्या आणि मला मध्यभागी ठेवलं. घरातले सगळे पासपोर्ट कपाटात आहेत ना, हे त्यांनी दोनदा विचारलं. मगच माझ्या खाकी पाठीवर कुंकवाची दोन बोटं उमटवली. संध्याकाळी त्यांनी मला प्रांजलच्या आईकडे नेऊन दिलं. म्हणाल्या, "तुमच्यात पूजा नसती, ठाव हाय मला. पर ही कुकवाची बोटं म्हंजी माज्या हातची चूक हाय. पोरीच्या कमरंला असू द्या."

प्रांजलची आई म्हणाली, "चूक कशी? तिच्यामुळंच तर आमच्या पोरीला सगळं आधी कळलं." आणि तिने मला दोन्ही हातांनी घेतलं.

मित्रांनो, तुम्ही दूर जाल तेव्हा माझ्यासारखी एखादी जुनी पिशवी घरात शोधा. नवी विकत घेतली तरी चालेल, पण कप्पे वेगळे ठेवा आणि कागद कोरे ठेवा. चूक झाली तर ती धुऊ नका, सांगा. आणि काम झाल्यावर पिशवीला उंदरांच्या हवाली करू नका. तिला अधूनमधून ऊन दाखवा.

बुधवार, ३० सप्टेंबर २००९. दुपारचे चार. प्रांजलचा पासपोर्ट २० ऑगस्टपासून वकिलातीत आहे. कुरिअरवाला आज गावात येऊन गेला, पण त्याच्याकडे आमच्या नावाचं काही नव्हतं. तंबाखूचा, सुपारीचा आणि चुन्याचा, तिन्ही कप्पे भरून तयार आहेत. पानाचा कप्पा अजून मोकळा आहे.