आक्कांची वाट आणि संशयी पाणसळ

मित्रांनो, आधी मला आडवी ठेवा. उभी धरली की मला काही सुचत नाही. हं, आता बरे वाटले.

मी एक जुनी पाणसळ आहे. हातभर लांबीची सागवानी पट्टी, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, एका टोकाला खिळ्यावर टांगायचे भोक आणि मधोमध काचेची लहानशी नळी. त्या नळीत पिवळसर पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. खालची जागा सपाट असली की बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये थांबतो. नसली की उंच बाजूकडे पळतो. एवढेच माझे काम. पण जन्मभर हेच काम करणाऱ्याचा स्वभाव कसा होतो, सांगा बरे? संशयी! देवाने तुम्हाला दोन डोळे दिले, ते त्याची सृष्टी बघायला. मला दिला एकच, तोही दुसऱ्याचे वाकडे शोधायला.

एका सुताराने मला घडवले आणि एका गवंडीमिस्त्रीने विकत घेतले. बावीस वर्षे मी त्यांच्या काखेत राहिले. किती ओटे, किती जिने, किती न्हाणीघरे मी तपासली! मिस्त्री म्हणत, “माणूस एक वेळ खोटं बोलेल, ही नाही बोलायची.” ते ऐकून मी फुगून जाई. लाकूड फुगणे चांगले नसते, हे मला तेव्हा कळत नव्हते.

मिस्त्री देवाघरी गेले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या आक्का, धाकट्या भावाकडे राहायला आल्या आणि येताना पंच्यात गुंडाळून मलाही घेऊन आल्या. भाऊ शिंपी. त्याच्या घरात माझे काय काम? मागच्या बागेतल्या खोपटात, रंगाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर, मला ठेवून दिले. कोळ्याने माझ्यावर जाळे विणले. एके दिवशी ती कुजकी फळी मोडली आणि मी दगडावर आपटले. काच फुटली नाही. मला काही झाले नाही, असा निर्वाळा माझा मीच देऊन टाकला आणि दोष फळीला दिला.

त्यानंतर काही दिवसांनी आक्का पडल्या. मागच्या दारातून बागेत उतरताना चिखलात पाय सरकला आणि कमरेचे हाड दुखावले. हाड जुळून आले, पण मन जुळेना. चार महिने त्यांनी उंबरठा ओलांडला नाही. डॉक्टरांनी शिंप्याला बाजूला घेऊन बजावले होते, “रोज चालल्या नाहीत तर कायमच्या खाटेला खिळतील.” बागेच्या टोकाला उन्हात एक बाक होता. तिथवर गेल्या तरी पुरे होते. पण आक्का म्हणत, “माझा आता जमिनीवर भरवसा नाही.”

खोपटाच्या खिडकीतून मी हे ऐकले आणि मला वाटले, चला, घरात एक तरी माझ्या गोत्रातले माणूस आहे!

शिंप्याने ठरवले, दारापासून बाकापर्यंत फरशीची वाट घालायची, तीही आपल्या हाताने. त्याची बायको म्हणाली, “अहो, गवंडी बोलवा. सदऱ्याची कॉलर आहे का ती?”

“बहिणीची वाट आहे. परक्याच्या हातची कशाला?”

“परक्याच्या हातची निदान सरळ तरी होईल!”

पण शिंपी हटला नाही. त्याने तपकिरी कागदावर खडूने वाट आखली. मध्ये झाड आले, तिथे त्याने बाहीच्या मुंढ्याचा साचा ठेवून छान वळण काढले. मग म्हणाला, “आधी कच्चा टाका.” खुंट्या ठोकून त्याने वाटेच्या दोन्ही कडांना दोरी बांधली आणि बायकोला पाण्याची बादली देऊन त्यातून चालायला लावले. वळणावर ती थांबली. “इथे काखेत घट्ट होतंय,” ती म्हणाली. शिंप्याने हसत हसत दोरी चार बोटे सैल केली.

मग माझी आठवण झाली. “दाजींची पट्टी असेल ना इथे कुठेतरी?” त्याने मला पुसले, तेल लावले. मित्रांनो, खूप दिवसांनी पाठीवर माणसाचा हात फिरला. पण सुईदोऱ्याचा तो मऊ हात! माझा त्याच्यावर काडीचा विश्वास बसला नाही.

त्याने वीतभर खोल चर खणला, तळाला खडी टाकून ठोकून बसवली, वर रेती पसरली. एकेक फरशी ठेवायची, लाकडी हातोड्याने हलकेच ठोकायची आणि माझ्याकडे बघायचे. बाहेरची वाट अगदी सपाट करायची नसते बरे का. तिला थोडा ढाळ, म्हणजे उतार द्यावा लागतो, नाहीतर पाणी साचते, शेवाळ धरते आणि माणूस घसरते. शिंप्याला हे ठाऊक होते. ढाळ दारापासून बाकाकडे हवा, म्हणून बुडबुडा दाराकडच्या रेघेला जेमतेम टेकेल अशी प्रत्येक फरशी तो बसवत होता. मी मात्र कुरकुरत होते. रेती ओली दिसते. सहावी फरशी लबाड वाटते. शिंपी घाई करतोय. त्याची बायको बघता बघता हसते, तिच्या मनात नक्की काहीतरी आहे. बावीस वर्षांच्या अनुभवाने मी साऱ्या जगाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते.

आठव्या दिवशी चौदा फरश्या बसल्या. शिंपी हात धुऊन आला. “आक्का, चल. तुझी वाट तयार आहे.”

आक्का काठी टेकत दाराशी आल्या. वाट बघितली, पण पाय उचलला नाही. “मगभर पाणी आण.”

“आता पाणी कशाला? आधी चालून तर बघ!”

“गुंड्या, तू मला शिकवू नकोस. पाणी आण.”

त्यांनी पहिल्या दोन फरश्यांवर पाणी ओतले. पाणी क्षणभर घुटमळले आणि हळूहळू माघारी वळून दाराकडे आले. आक्कांच्या पायाची बोटे भिजली. त्यांनी पाय चटकन आत घेतला, विस्तवावर पडल्यासारखा.

“बघितलंस? पुन्हा पाडायला निघालास मला.”

शिंप्याचा चेहरा उतरला. “पण मी प्रत्येक फरशी तपासलीय गं! खडी बसली असेल... रेतीच खराब होती.” बायको म्हणाली, “मी सांगत होते, गवंडी बोलवा.” आणि मी? मी मनात म्हटले, मला वाटलेच होते, हा शिंप्याचा हात!

आक्का परत फिरल्या. आता त्या खाटेवरून उठणार नाहीत, हे शिंप्याच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसले. पण दोन पावलांवर त्या थांबल्या.

“ती पट्टी कशी धरत होतास?”

“भोकाचं टोक दाराकडे. प्रत्येक वेळी तसंच.”

“आता त्याच जागी उलटी ठेव. भोक बाकाकडे.”

शिंप्याने मला फिरवून ठेवले. मित्रांनो, फरशी तीच, जागा तीच. बुडबुडा खरा असता तर दाराकडेच राहिला असता. तो सरळ बाकाकडच्या टोकाला पळाला!

“तुझे दाजी हे रोज करायचे, काम सुरू करायच्या आधी,” आक्का हळूच म्हणाल्या. “हिची नळी हललीय रे. कुठे पडली होती का ही?”

मला जमिनीने गिळावे असे झाले. रेती चांगली होती. सहावी फरशी गरीब होती. शिंप्याचा हात तर मिस्त्रींच्या हाताइतकाच प्रामाणिक होता. त्या बागेत वाकडी होते ती एकटी मी, आणि नेमके मलाच मी एकदाही तपासले नव्हते.

शिंपी रागावला. “फेकूनच देतो हिला!”

“फेकतोस कशाला? पडले म्हणून मला फेकलंस का?” आक्का म्हणाल्या. मग त्यांनी उपाय सांगितला: एकदा सुलटी ठेवून, एकदा उलटी ठेवून बुडबुडा कुठे थांबतो त्याच्या खुणा करायच्या आणि दोन्हींचा मध्य काढायचा. मध्य काढण्यात शिंप्याचा हात कोण धरणार? त्याने टेपने मोजून नेमक्या जागी माझ्या नळीभोवती लाल दोऱ्याचे दोन वेढे घेतले आणि काज करताना मारतात तशी घट्ट गाठ मारली.

चौदाच्या चौदा फरश्या उचलल्या गेल्या. पुन्हा रेती, पुन्हा हातोडा. आता प्रत्येक फरशीवर तो मला दोनदा ठेवत होता, सुलटी आणि उलटी. आक्का दारात खुर्ची टाकून बसत आणि ओरडत, “पाचवी पुन्हा बघ! तू डुलकी घेतलीस तिथे!”

सहा दिवसांनी पुन्हा पाण्याचा मग आला. आक्कांनी पाणी ओतले. पाणी या वेळी मागे वळले नाही. शहाण्या लेकरासारखे पुढे निघाले.

“वळणावर अडेल बघ,” आक्का म्हणाल्या आणि मान उंच करून बघू लागल्या. झाडाच्या आड पाणी दिसेना. मग त्यांनी काठी पुढे टेकली आणि एक पाऊल बाहेर टाकले. मग दुसरे. नजर पाण्यावर. शिंपी हात द्यायला धावला, तर बायकोने त्याचा सदरा मागून घट्ट धरला आणि ओठांवर बोट ठेवले. तिसरी फरशी, पाचवी, वळण. “अडलं नाही की रे!” आक्का पुटपुटल्या. पाण्याचा माग काढत काढत त्या बाकापाशी पोहोचल्या आणि तिथे पहिल्यांदा त्यांनी मागे वळून बघितले. दार केवढे लांब राहिले होते!

त्या मटकन बाकावर बसल्या. ऊन तोंडावर आले होते. डोळे पुसत म्हणाल्या, “तिथे काय उभे राहिलात दोघं? या की. मी एकटीनेच बसायचं का?”

मित्रांनो, मी आता दाराजवळच्या खिळ्यावर असते. संशय वाईट नव्हे. आक्कांच्या संशयानेच ती वाट सरळ केली. पण माझा संशय साऱ्यांना चाटून गेला आणि माझ्यापाशी कधी आलाच नाही. तेवढे तुम्ही करू नका. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी पट्टी असेल तर तिला कोरडी ठेवा, कुजक्या फळीवर टाकू नका. आणि कामाला घेण्याआधी एकदा फिरवून जरूर बघा. तिला वाईट वाटणार नाही. मला तर त्या दिवसापासून कोणी फिरवले की हायसे वाटते.