टाकीला लावलेलं विरजण

मी एक जुनी टाकी आहे. पिण्याच्या पाण्याची असते, तर तुम्ही कौतुकानं जवळ आला असता. पण मी सांडपाण्याची आहे, मित्रांनो. मुरडा, मुरडा नाकं! मला सवय आहे.

शहरातल्या मलकपेठेहून बसनं तासाभरावर आमचं चाळीस उंबऱ्यांचं गाव आहे. नऊ वर्षांपूर्वी गावाच्या टोकाला मला सिमेंटनं बांधलं. तेव्हापासून न्हाणीघर, मोरी, संडास, सगळ्यांचं पाणी माझ्याकडेच येतं. एक यंत्र माझ्यात सतत हवा सोडतं. त्या हवेवर माझ्या पोटातले कोट्यवधी जीवाणू जगतात आणि घाण खाऊन पाणी साफ करतात. ते पाणी शेजारच्या मळ्यातल्या कुसुमताईंच्या झेंडूला जातं. बतुकम्माच्या फुलांच्या सणाला आणि दसऱ्याला त्यांची फुलं हातोहात खपतात. तरी माझ्याजवळून जाताना ताईंचा पदर कायम नाकाला! वाईट वाटायचं हो मला.

माझी देखभाल दत्तोबा करतात. रोज सकाळी ते आवकाय लोणच्याच्या रिकाम्या बरणीत माझ्यातलं पाणी घेतात आणि अर्धा तास तिच्यासमोर बसून राहतात. तपकिरी गाळ तळाशी बसला आणि वर पाणी नितळ झालं, की म्हणतात, "वा, तब्येत झकास!" तेवढ्यावर माझा दिवस छान जातो.

यंदा दसऱ्याच्या तोंडावर कळलं, की बारा दिवसांनी तपासणीला अधिकारी बाई येणार. पाणी खराब निघालं तर मला बंद करणार, म्हणजे झेंडू ऐन कळ्यांत वाळणार. कुसुमताईंनी पदर खोचला. गाव स्वच्छ दिसायला हवं म्हणून घरोघरी फिनाईल आणि ब्लीचिंग पावडर वाटली आणि रविवारी चाळीसही न्हाणीघरं लख्ख घासून घेतली.

ते सगळं आलं माझ्या पोटात. माझी लेकरंच ती, पटापट मेली. सोमवारी दत्तोबा तासभर बरणीसमोर बसले, पण पाणी गढूळ ते गढूळच. वर दुर्गंधी सुटली. त्यांनी बरणी हुंगली आणि तडक ताईंना बोलावून आणलं.

"ताई, फिनाईल किती ओतलं?"

"हौ, भरपूर! गाव कसं चमकतंय बघा."

"चमकतंय, पण टाकीतले जीव मेले ना! तेच पाणी साफ करत होते."

ताई माझ्या कठड्यावर मटकन बसल्या. "अय्यो! म्हणजे माझा झेंडू मीच मारला?"

"परेशान नका होऊ. मलकपेठेत उमाजी एका अपार्टमेंटची टाकी बघतो. तिथला जिवंत गाळ आणून हिच्यात सोडू. वाढेल तो."

"म्हणजे विरजण लावायचं!" ताई ताडकन उठल्या. "मग आधी सांगायचं ना! चला, मीपण येते."

संध्याकाळी टेम्पो आला. मागे गाळाची दोन पिंपं आणि मधे कुसुमताई! रस्त्यात हिंदकळू नये म्हणून दोन्ही हातांनी दोन्ही झाकणं दाबून धरलेली. पदर नाकाला लावायला हात होताच कुठे? मला इतकं हसू आलं म्हणून सांगू.

मग ताईंनी घरोघरी जाऊन फिनाईलच्या उरलेल्या बाटल्या गोळा केल्या. आठव्या सकाळी दत्तोबा ओरडले, "बसला, गाळ बसला!" ठरल्या दिवशी अधिकारी बाई आल्या, त्यांनी पाणी तपासलं आणि इतकं नितळ पाणी कसं, असं विचारलं. ताई म्हणाल्या, "विरजण चांगलं होतं, मॅडम." बाईंना काही कळलं नाही, पण त्या हसल्या आणि मला चालू ठेवून गेल्या.

मित्रांनो, मोरीत काही ओतताना पलीकडच्या टोकाला कोणीतरी जिवंत आहे, एवढं आठवा. आम्हाला जपा, आम्ही तुम्हाला फुलं देऊ.

दसऱ्याला कुसुमताई माझ्याकडे आल्या. दोन्ही हातांत झेंडूचा हार होता. तो त्यांनी माझ्या कठड्यावर चढवला. हात रिकामे झाले, तरी त्या उभ्याच राहिल्या आणि पदर खांद्यावरच राहिला.