ऐकणारी, वय सहा

टेक एक.

खारूमामापुढे कागद, कागदावर एकच ओळ : 'ही जाहिरात मोठ्या माणसांसाठी होती, मुलांना उद्देशून नव्हती.' मुलांना भुलवणाऱ्या खाऊच्या जाहिराती बंद करायच्या का, हे सरकारी समिती उद्या ठरवणार. बिस्किट कंपनीचा माणूस चहा ढवळत म्हणतो, "दादा, नुसती सही. तुमचं काय जातंय?"

थांबा. आधीचं आधी सांगायला हवं.

टेक दोन.

पाच वर्षांपूर्वी. काचेमागची खोली, माइक, क्रीमच्या बिस्किटांची जाहिरात. त्यातली खार म्हणजे त्याचा आवाज. पण रिकाम्या हवेला लाडीगोडी कशी लावणार? म्हणून त्या स्टुडिओत रीत होती, कागदाच्या माथ्यावर ऐकणाऱ्याचं वय लिहायचं. दिग्दर्शकाने लिहिलं, 'ऐकणारी : वय सहा.' मामाने माइकच्या स्टँडला चिमटा लावून आपल्या सहा वर्षांच्या भाचीचा फोटो अडकवला. पुढचे दोन दात पडलेले. तिच्या डोळ्यांत बघून तो म्हणाला, "आईला नको हं सांगूस, अजून एकच!"

पहिल्याच टेकला टाळ्या. घरोघर तोच आवाज. भाची शाळेत मिरवायची, "खार माझा मामा आहे!" तेव्हापासून तो खारूमामा.

टेक तीन.

भाची अकराची. डॉक्टरांनी साखरेचा आजार सांगितला. पथ्य लागलं, तरी गादीखाली त्याच बिस्किटांची रिकामी पाकिटं सापडतच होती.

"पोट आहे की पिंप?" बहीण कडाडली. "हावरट कुठली! आणि तू रे खारोबा, हसतोस काय?"

तो हसत नव्हता. भाचीने मान वर केली नाही. पाकिटं तिने स्वतःच गोळा केली, एकात एक घडी घालून, आवाज न करता.

टेक चार.

सही केली नाही. समितीपुढे उभा राहिला. कंपनीचा वकील म्हणाला, "खार सगळ्यांनाच आवडते. तुम्ही सगळ्या घराशीच बोलत होतात ना?"

"नाही."

"मग कोणाशी?"

त्याने फोटोचं सांगितलं. चिमट्याचंही. मागच्या बाकावर बहीण होती. ती उठून गेली.

नियम झाला. खार पडद्यावरून गेली, त्याच्याकडचं कामही गेलं. त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. भीती एकाच गोष्टीची होती : भाचीला हे कळण्याची.

यापुढे टेक नाहीत.

बहिणीने दार उघडलं, पण "ये" म्हणाली नाही. भाची खिडकीशी बसली होती. तिला सगळं कळलं होतं.

"मामा, तो माझाच फोटो होता?"

"हो."

"म्हणजे तू मलाच सांगत होतास. आईला सांगू नको म्हणून."

"हो गं."

ती नखाने खिडकीचा रंग खरवडत राहिली. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे मी हावरट नव्हते?"

"नव्हतीस बाळा. कधीच नव्हतीस."

"हे आईला सांग. माझं ती ऐकत नाही."

तो स्वयंपाकघरात गेला आणि बहिणीला शब्दन् शब्द सांगितला. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं, ओट्याला टेकली आणि पदर तोंडावर धरून रडली. तिला तसंच सोडून तो परत आला.

"सांगितलं."

भाचीने मान हलवली. अंगावरून जणू एक ओझं उतरलं होतं. त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आता तू जा, मामा."

"पुन्हा कधी येऊ?"

ती पुन्हा खिडकीचा रंग खरवडू लागली. चपला घालून तो दारात थोडा वेळ उभा राहिला, आणि मग गेला.