पाचव्या पिशवीची गाठ

समजा, तुम्ही छातीइतक्या उंच पिशवीत उभे आहात. पायाखाली बारीक कापलेला हिरवा मका, आणि तुम्हाला सांगितलंय, नाचा! धाकटी तेच करत होती. मका असा दाबून, हवाबंद करून मुरवला की त्याचा मुरघास होतो. आत हवा गेली की नुसती बुरशी.

"नाच, नाच," वासराला सुरगाठीनं बांधत आजोबा म्हणाले. "आंबलेला चारा खाऊन म्हणे गाय दूध देणार! तांबडी हुंगणारसुद्धा नाही."

"आणि दूध वाढलं तर?"

"तर ठेवू तिला. नाहीतर पुढच्या बाजारात विकायची."

धाकटी पिशवीतून खाली उतरली. पाचही पिशव्यांची तोंडं आवळून तिनं स्वतः दुहेरी गाठी मारल्या. आता पंचेचाळीस दिवस कुणी हात लावायचा नाही. तिचे हात फार शिवशिवत. मग ते पाठीमागे धरून ती पिशव्यांभोवती फेऱ्या मारायची.

सेहेचाळिसाव्या दिवशी पहिली पिशवी उघडली. आंबटगोड वास सुटला. तांबडीनं हुंगलं आणि मान फिरवली.

"बघ!" आजोबा म्हणाले.

धाकटीनं मूठभर मुरघास कडब्यात कालवला. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. आठवड्यानं तांबडी रिकामी पाटी चाटू लागली, आणि आणखी काही दिवसांनी दुधाची चरवी काठोकाठ भरली. आजोबा नुसते "हं" म्हणाले. बाजाराचं नाव निघालं नाही.

त्याच सकाळी उरलेल्या पिशव्या चाचपताना आईला पाचवी मऊ लागली. उघडली, तर आत पांढरी बुरशी.

"हिनंच उघडून पाहिली असणार," आजोबा घाईघाईनं म्हणाले. "पोरांना धीर कुठला!"

धाकटीचे डोळे भरून आले. तिनं खाली पाहिलं. आईच्या हातातल्या सुतळीला दुहेरी गाठ नव्हतीच. एका ओढीत सुटली ती सुरगाठ होती, वासराच्या दाव्याला असते तशी.

तिनं आजोबांकडे पाहिलं. आजोबा गोठ्याचं छप्पर निरखू लागले.

"पंधरा दिवसांचा चारा गेला," आई म्हणाली. "उशिरा पेरलेला मका तेवढा हिरवा आहे. आजच कापला तर पिशवी भरेल."

धाकटीनं बुरशीचा चारा उकिरड्यावर ओतला. हात धुतले. घरात जाऊन विळा आणला. मग क्षणभर थांबली, पुन्हा आत गेली, आणि दुसरा विळा आणून आजोबांच्या पायाशी ठेवला.