आभारीकाका आणि हिरवा बिल्ला

आभार मानणाऱ्या माणसाचा कधी कुणाला राग येतो का? येतो. वहिनींना यायचा, आणि तोही सकाळी सकाळी, चहा पोटात जायच्या आधी.

वहिनी म्हणजे आता सगळ्या जगाच्याच वहिनी, कारण त्यांच्या ऑनलाइन दुकानाचं नावच ‘वहिनींच्या पिशव्या’. नाव ठेवलं धाकट्या नणंदेनं. पिशव्या कसल्या, तर म्हाताऱ्या माणसांच्या वॉकरला पुढे अडकवायच्या. चालताना दोन्ही हात वॉकरवर, मग चष्मा, फोन, पाण्याची बाटली ठेवायची कुठे? त्यासाठी ही कप्प्याकप्प्यांची कॅनव्हासची पिशवी, चष्म्याच्या कप्प्याला आतून मऊ अस्तर. मागच्या खोलीत दोन मशीन, जेवणाचं जुनं टेबल कापायला आणि खिडकीत रिळांची रांग. शिवायचं काम बरंचसं नणंदेचं. कापणं, पॅकिंग आणि मुख्य म्हणजे फोनवरची बोलाचाली वहिनींची. नणंदेनं गणवेशाच्या दुकानातली बरी चाललेली नोकरी सोडली होती ती वहिनींच्याच सांगण्यावरून. ‘सोड गं, मी आहे ना,’ असं वहिनी तेव्हा छातीठोक म्हणाल्या होत्या.

आता या ऑनलाइन बाजाराची एक गंमत होती. गिऱ्हाइकानं काही लिहिलं की एका दिवसात उत्तर गेलंच पाहिजे. वेळेवर उत्तरं देणाऱ्याच्या नावापुढे हिरवा बिल्ला, आणि बिल्लेवाले यादीत वर. बिल्ला गेला की तुम्ही थेट तळाशी, कारखान्यात छापल्यासारख्या शिवलेल्या पिशव्यांच्याही खाली. एकदा तसं झालं होतं. महिनाभर नणंद गाद्यांच्या खोळी शिवत होती आणि वहिनींशी धड बोलत नव्हती. तेव्हापासून वहिनी त्या बिल्ल्याला जिवापाड जपत.

आणि हिशोब करणारं यंत्र अगदीच बिनडोक. गिऱ्हाइकानं प्रश्न विचारलाय की नुसतं ‘बरं’ म्हटलंय, त्याला काय कळणार? शेवटचा शब्द गिऱ्हाइकाचा राहिला की दुकानदारानं उत्तर दिलं नाही, एवढंच त्याला कळे. म्हणून वहिनी ‘बरं’लाही ‘बरं बरं’ लिहीत. बहुतेक लोक तिथे थांबत. आभारीकाका थांबत नसत.

ते नाव दोघी नणंदा-भावजयांनीच ठेवलेलं. काकांनी बायकोसाठी पिशवी मागवली होती. काकू डावखुऱ्या, खुब्याच्या ऑपरेशननंतर वॉकर आला, तर चष्म्याचा कप्पा उजवीकडे नको, डावीकडे आतल्या बाजूला मिळेल का? वहिनींनी हौसेनं करून दिला. पिशवी पोचली. काकांनी लिहिलं, ‘पिशवी सुरेख. आभारी आहे.’ वहिनींनी नेहमीचं पाठवलं, ‘आपले मनापासून आभार! पिशवी आवडली असेल तर पाच तारे द्यायला विसरू नका.’ काकांचं उत्तर आलं, ‘पाच तारे दिले. आभारी आहे.’ वहिनींनी लिहिलं, ‘धन्यवाद.’ काका म्हणाले, ‘तुमचेच आभार.’ वहिनींनी नुसते जोडलेले हात पाठवले. काकांनीही हात जोडले आणि खाली लिहिलं, ‘आज हिनं पिशवीतून स्वतः चष्मा काढला. आभारी आहे.’

झालं, रोजचंच सुरू झालं. नणंदेला मोठी मजा वाटायची. मशीनवरून मान वर न करता ती विचारायची, ‘काय म्हणतायत आज आभारीकाका?’ आणि वहिनी वाचून दाखवायच्या. काकू फाटकापर्यंत चालल्या. काकूंनी पिशवीत शेंगा लपवल्या. शेवटी आपलं ते ‘आभारी आहे’ असायचंच. पहिल्यांदा वहिनीही हसायच्या. पण सकाळी डोळे चोळत, कुणाचं उत्तर राहिलंय म्हणून बघावं तर तिथे काका हजर! हा काय छळवाद लावलाय, असं त्यांना वाटू लागलं.

मग एका आठवड्यात वहिनींची दाढ काढली. गाल टम्म सुजला. गोळी घेऊन त्या दिवसभर झोपल्या, दुसऱ्या दिवशीही धड उठल्या नाहीत. फोन उघडला तर तीन संदेश वेळ उलटून गेलेले, तिन्ही काकांचे, आणि बिल्ल्याच्या जागी पिवळं चिन्ह: अजून एक चूक आणि बिल्ला रद्द. तेवढ्यात डोळ्यांसमोर चौथा आला. ‘दोन दिवस आपलं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? आभारी आहे.’

वहिनींचं डोकंच फिरलं. दुकानदारांच्या ग्रुपवर कुणीतरी एक युक्ती सांगितली होती. संदेशावर बोट दाबून धरायचं, ‘त्रासदायक’ असा पर्याय येतो, तो निवडायचा. तो संदेश मग हिशोबातून जातो. वहिनींनी एकेक करून चारही संदेशांवर ते केलं. तब्येतीची चौकशी केलेल्यावरसुद्धा. पिवळं चिन्ह गेलं, बिल्ला पुन्हा हिरवागार झाला. यंत्राला यंत्राच्या भाषेत सांगितलं, त्यात कुणाचं काय गेलं, असं त्या मनाशी म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

‘आज काकांचं काही नाही?’ नणंदेनं विचारलं.

‘नाही बाई,’ वहिनी म्हणाल्या. दाढ दुखतेय असं दाखवून त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी काकांचं काही आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. सुटले एकदाची, असं वहिनींना वाटायला हवं होतं. वाटलंही, दोन-चार दिवस. मग सकाळी फोन उघडला की नजर आपोआप ती रिकामी जागा शोधू लागली. नणंद मधूनच म्हणायची, ‘काकू बऱ्या असतील ना गं? एकदा विचार की.’ वहिनी ‘विचारते’ म्हणायच्या आणि विचारायच्या नाहीत. कशा विचारणार? तोंड होतं का?

एका दुपारी वहिनी पिशवीच्या कडेला पायपिंगची गोल पट्टी लावत असताना फोन वाजला. पिशवीच्या आतल्या लेबलावर त्यांचा नंबर असायचा, तो बघून एका बाईंनी केला होता. त्या काकांची लेक निघाली.

‘आईच्या पिशवीचा एक बंद उसवलाय हो. ओढते ती फार. दुसरीच पिशवी मागवायची होती, पण बाबांना मागवता येईना. त्यांचं खातंच बंद केलंय कंपनीनं.’

‘का बरं?’ वहिनींनी विचारलं. विचारताना त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

‘लोकांना त्रास दिला म्हणे! माझ्या बाबांनी! अहो, जन्मभर टेलिफोनच्या चौकशी विभागात काढला त्यांनी. समोरच्यानं आभार मानले की आपण मानायचे, आणि समोरचा ठेवत नाही तोवर आपण फोन ठेवायचा नाही. तशी शिस्तच होती तिथली. ती अंगात इतकी भिनलीय की घरी आम्हाला वैताग येतो. पण त्रास?’

मशीनच्या सुईखाली पायपिंग तसंच अडकून राहिलं होतं.

‘आता दिवसभर आठवत बसतात, आपण कुणाला काय बोललो. एका बल्बवाल्याला लिहिलं होतं म्हणे, बल्ब लुकलुकतो म्हणून. त्यालाच राग आला असणार, असं धरून बसलेत. त्याला माफीचं पत्र लिहिलं, साध्या पोस्टानं. मी म्हटलं, कंपनीला कुणीतरी सांगायला हवं तुम्ही कसे आहात ते. तर लगेच म्हणाले, पिशवीवाल्या बाईंना विचार, त्या सांगतील. दोन ओळी लिहाल का हो?’

‘लिहिते की,’ वहिनी म्हणाल्या. ‘आजच लिहिते.’

‘आभारी आहे हं,’ लेक म्हणाली, आणि वहिनींनी ठेवेपर्यंत थांबून राहिली.

वहिनींनी खरंच लिहिलं. हे गृहस्थ अतिशय सभ्य आहेत, असं स्वतःच तक्रार केलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मनात एक चोर बसलाच होता: एवढ्यानं भागलं तर बरं, कुणाला काही कळायला नको. भागलं नाही. कंपनीचं छापील उत्तर आलं, इतरांची शिफारस चालत नाही, ज्या दुकानानं तक्रार केली त्यानंच ती मागे घ्यावी. घेतल्यास खरेदीदाराला त्या दुकानाचं नाव कळवण्यात येईल आणि वगळलेले संदेश पुन्हा हिशोबात धरले जातील.

म्हणजे बिल्ला जाणार, आणि काकांना कळणार.

वहिनी दोन दिवस तो मजकूर उघडून बंद करत राहिल्या. तिकडे एक म्हातारा माणूस बल्बवाल्याच्या पत्राची वाट बघतोय, हे काही केल्या डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी त्यांनी नणंदेला सगळं सांगून टाकलं.

नणंदेनं मशीन थांबवलं. ‘तब्येत विचारली होती, त्या संदेशावरसुद्धा?’

‘हो. तू नोकरी सोडलीस माझ्या भरवशावर. पुन्हा बिल्ला गेला असता तर...’

‘माझ्यावर ढकलू नकोस हं, वहिनी!’ नणंद ताडकन उठली. ‘माझ्यासाठी केलंस असं एकदासुद्धा म्हणू नकोस. खोळी शिवेन मी. अगं, शिवल्याच होत्या की मागे, मेले का? घे ती तक्रार मागे. आत्ताच्या आत्ता.’

वहिनींनी घेतली. बिल्ला तिथल्या तिथे गेला, काकांचं खातं पुन्हा उघडलं. मग पदरानं डोळे पुसत त्या काकांना लिहायला बसल्या. माफ करा, एवढंच लिहून थांबल्या असत्या तर! पण अपराधी माणसाला नुसती माफी मागून चैन पडत नाही, त्याला बाजूही मांडायची असते. म्हणून वहिनींनी सगळं सविस्तर लिहिलं. तुमचा शेवटचा संदेश आला की तो आमच्या नावावर राहतो, आम्हाला उत्तर द्यावंच लागतं, नाही दिलं तर दुकान खाली जातं, दाढ दुखत होती, रागाच्या भरात हातून झालं. शेवटी पुन्हा एकदा माफी मागितली आणि पाठवून दिलं.

नणंदेनं नवी पिशवी शिवली, बंद दुहेरी शिलाईचे. भेट म्हणून पाठवली. आणि वहिनी उत्तराची वाट बघू लागल्या. काय वाट बघितली त्या बाईनं! फोन वाजला की दचकायच्या. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं. काकांनी संदेश वाचल्याची खूण दिसत होती, पण खाली काहीच आलं नाही.

शेवटी लेकीचा फोन आला. पिशवी छान बसली, बंद पक्के आहेत. तिच्या आवाजात पहिल्यासारखा मोकळेपणा नव्हता, पण ती तुटकही बोलली नाही.

‘काका... वाचलं का त्यांनी?’ वहिनींनी विचारलं.

‘वाचलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. रागावले नाहीत हो. उत्तर लिहायलाही बसले होते. लिहिलं, आणि पुसलं. म्हणाले, मी लिहिलं की त्यांना परत लिहावं लागणार, कशाला उगीच त्यांच्या मागे काम? आपल्याला काय कल्पना, आपलं आभार मानणं लोकांना महागात पडतं म्हणून.’

‘नाही नाही, त्यांना लिहू दे! मला चालेल. मला... मला हवंय, असं सांगा त्यांना.’

‘सांगितलं मी. तर म्हणाले, त्या चांगल्या आहेत म्हणून तसं म्हणतात. आता कुणालाच लिहीत नाहीत. माझाही फोन आला की कामापुरतं बोलून पटकन ठेवतात. मला कितीदा वाटायचं यांनी लवकर ठेवावा. आता ठेवतात तर कसंतरीच होतं. बरं, ठेवते.’

वहिनी फोन हातात धरून बसून राहिल्या.

काही आठवड्यांनी बिल्ला परत आला. गाद्यांच्या खोळी बंद झाल्या, दोन्ही मशीन पुन्हा पिशव्यांवर चालू लागली. नणंदही पूर्वीसारखी बोलायला लागली, मात्र सकाळी ‘काय म्हणतायत’ हा प्रश्न तिनं पुन्हा विचारला नाही.

एका सकाळी वहिनींनीच काकांचा तो संवाद उघडला. तळाशी त्यांचा तो लांबलचक माफीनामा. खूप वेळ विचार करून त्यांनी एक युक्ती काढली. प्रश्न विचारायचा. प्रश्नाला तरी माणूस उत्तर देतोच की. त्यांनी लिहिलं, ‘काका, नव्या पिशवीत काकूंचा चष्मा नीट बसतो का?’

दुपारपर्यंत उत्तर आलं. फोन वाजला तशा वहिनी हातातली कात्री टाकून धावल्या. नणंदेनं मशीन थांबवून मान वर केली.

‘काकांचं का? काय म्हणाले?’

वहिनींनी पडदा वरखाली करून बघितला. आणखी काही लिहिलेलं असेल, अजून येत असेल, म्हणून थोडा वेळ थांबल्याही.

‘बसतो म्हणाले.’

‘आणि?’

‘आणि काही नाही.’

नणंदेनं मशीन पुन्हा सुरू केलं. वहिनींनी सावकाश टाइप केलं, ‘आभारी आहे, काका,’ आणि पाठवलं. वाचल्याची खूण लगेच आली. वर हिरव्या अक्षरांत दिसत होतं, प्रतिसाद शंभर टक्के, एकही उत्तर बाकी नाही. तरी काकांचं एखादं ‘आभारी आहे’ येईल म्हणून वहिनी संध्याकाळपर्यंत फोन उपडा ठेवू शकल्या नाहीत.